पारावरचे सर्वज्ञ कसे व्हावे : आष्टीकर नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

गावाला सरपंच लागतो, ग्रामसेवक लागतो, तलाठी लागतो आणि "तुम्हाला माहितंय का" असं म्हणून तोंड उघडणारा एक माणूस लागतो. पहिल्या तिघांसाठी निवडणूक नाहीतर परीक्षा असते. चौथ्या पदाला ना अर्ज, ना आरक्षण, ना मानधन. त्यामुळे स्पर्धा भयंकर. परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीत (जिल्हा जालना) दर हॉटेलामागे एक उमेदवार निघतो आणि त्यातले बहुतेक जण पहिल्या पंधरवड्यातच गारद होतात. कारण ते ऑक्टोपसपासून सुरुवात करतात.

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे खरं आहे. त्याचं रक्त निळं असतं, हेही खरं. पण ही माहिती पारावर टाकून बघा. पाच माणसं तुमच्याकडे पाहतील आणि त्यातला एक तंबाखू मळता मळता विचारील, "मंग?" या "मंग"ला उत्तर नाही. ऑक्टोपस आष्टीत कुणी पाळलेला नाही, तो बाजारात विकायला येत नाही आणि त्याच्या तिन्ही हृदयांचा कापसाच्या भावाशी काही संबंध नाही. मोठमोठे वाचक या एका "मंग"पुढे कोलमडलेले आहेत. ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी.

मूळ तत्त्व एकच आहे, ते पाठ करा : ऐकणाऱ्याला उठून, चार पावलं चालून, स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते तीच माहिती टिकते. बाकीची मोबाइलमधून येते आणि मोबाइलमधूनच जाते.

लागणारे साहित्य

१. बसायला पार किंवा हॉटेलातला बाक. बाकाची कडेची जागा घ्यावी. विषय अंगाशी आला तर उठून जाता येतं.

२. चेहरा. त्यावर "मी काही फार शिकलेलो नाही" हा भाव कायम हवा. ज्याला सगळं येतं असं दिसतं, त्याचं गावात कुणी ऐकत नाही.

३. एक विरोधक. प्रत्येक वाक्यावर "असं कसं होईल रं?" म्हणणारे एखादे आबा गाठून ठेवा. विरोधक नसला की माहितीचं भाषण होतं आणि भाषणाला माणसं उठून जातात.

४. मोबाइल खिशात आणि बंद. तो बाहेर काढलात की तुम्ही हरलात. मोबाइल त्यांच्याकडेही आहे.

धडा पहिला : आपली आष्टी कोणती, ते आधी ठरवा

बाहेरगावी गेल्यावर "कुठले तुम्ही?" "आष्टीचा." "कोणती आष्टी?" हा संवाद चुकत नाही. नवशिका इथं खट्टू होतो. जाणता माणूस खुर्ची पुढे ओढतो.

कारण महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीची गोष्ट वेगळी. बीड जिल्ह्यातली आष्टी तालुक्याचं ठिकाण. नगरहून तिथं रेल्वे पोहोचली २३ सप्टेंबर २०२२ ला आणि स्टेशनचं नाव पडलं न्यू आष्टी. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या आष्टीजवळ फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांशी लढताना पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. दुसरे बाजीराव निसटले, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती आले आणि मराठी राज्याचा शेवट जवळ आला. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीनं १९४२ च्या ऑगस्टमध्ये पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळ्या झेलल्या आणि तिला शहीद आष्टी म्हणू लागले. गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी आणखी एक आष्टी आहे.

इथं विरोधक विचारणार, "आन् आपल्या आष्टीत काय झालं?" घाबरू नका. रेल्वेला आपल्याला परतूर गाठावं लागतं, लढाई आपल्याकडे झाली नाही, हे मोकळेपणानं मान्य करा. मग सावकाश म्हणा, "आपल्या आष्टीत माणसानं घर न सोडता तीन राज्यं पाहिली." आणि दुसऱ्या धड्याकडे वळा.

धडा दुसरा : जागेवर बसून प्रवास

यासाठी ऐंशी ओलांडलेले एक आजोबा समोर हवेत. त्यांना विचारायचं, "आजोबा, १५ ऑगस्ट १९४७ ला तुम्ही कुठं होता?" ते म्हणतील, "इथंच की." तेव्हा तुम्ही जाहीर करायचं की त्या दिवशी आजोबा स्वतंत्र भारतात नव्हते. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तो मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर १३ महिन्यांनी. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. तीन राज्यं झाली, बिऱ्हाड एकही हललं नाही. वर जिल्हाही बदलला. परतूर तालुका आधी परभणीत होता. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि तालुका इकडे आला.

आता याच धाग्यात एक ठेवणीतली गोष्ट ओवायची. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला धावली १ जून १९४८ ला. तेव्हा मराठवाड्यात अजून निजामाची राजवट होती. उलट मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी निजामाच्या अमलातली रेल्वे १९०० सालीच परतूरवरून सुरू झाली होती. एसटीच्या जन्माआधी ४८ वर्षं आपल्या तालुक्यात आगगाडी शिट्टी मारत होती. एसटी उशिरा येते अशी तक्रार करणाऱ्यांना हे ऐकवा. ती पहिल्यापासूनच मागून आली आहे.

पैशाचीही गोष्ट आहे. निजामाचा रुपया वेगळा, त्याला हाली सिक्का म्हणत. सात हाली रुपये दिले की सहा इंग्रजी रुपये मिळत. म्हणजे आजच्या एकाच राज्यातल्या सोयऱ्याकडे लग्नाला जायचं तर आधी पैसे बदलून घ्यायचे. कुणाच्या पेटीत जुने कागद असतील तर त्यावरचं साल बघा. १३५७ फसली असं काही लिहिलेलं सापडलं तर आजोबा चौदाव्या शतकातले नाहीत. फसली सनात ५९० मिळवा, इसवी सन १९४७-४८ येईल. महिनेही वेगळे होते : आजूर, दै, बहमन, इस्फंदार. उर्दूत लिहिलेला तो कागद दाखवायला माणूस स्वतः उठून घरी गेला, तर हा धडा तुम्हाला जमला असं समजा.

धडा तिसरा : बसल्या जागेखाली काय आहे

पुढची माहिती सांगताना बोट आकाशाकडे नको, जमिनीकडे करा.

आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते. भेगेत काठी घालून बघितली तर हातभर आत जाते. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथून सुरुवात. माहीत नसलेलं पुढे : ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. मातीत एक प्रकारची चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आकसते. आकसली की भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते. पाऊस आला की आतली माती फुगते आणि खालची वर ढकलली जाते. वर्षानुवर्षं वरची माती खाली आणि खालची वर. फुकट नांगरट, डिझेल नाही. याच फुगण्या-आकसण्यानं घरांच्या भिंतींना तडे जातात, हे मात्र बांधकाम करणाऱ्यासमोर सांगू नका. तो तासभर बोलत बसेल आणि तुमची पाळी जाईल.

आता विहीर खोदलेला माणूस शोधा. त्याला सांगायला लावा : आधी काळी माती, मग मुरूम, मग कुठं मांजऱ्या, कुठं काळा पाषाण. त्याचं झालं की तुम्ही म्हणा, "नाना, तुम्ही लाव्हारस मोजत खाली गेलात." सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. एकदा नाही, अनेकदा. एका थरावर दुसरा थर निवत गेला. तोच आपला दख्खनचा दगड. सह्याद्रीत तर हे थर मैलभराहून जास्त जाड आहेत. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी याच दगडात खोदली. डायनोसॉर संपले तो काळही साधारण हाच आहे, त्यामुळे यात लाव्ह्याचा हात किती आणि आकाशातून पडलेल्या धोंड्याचा किती, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून चालू आहे. आपल्या बांधावरच्या भांडणांना यातून धीर येतो.

विहिरीच्या गाळात कधी चकाकत्या स्फटिकांच्या गारा निघतात. लाव्ह्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे खनिजं साचली, त्याच त्या. आपण त्या फेकून देतो. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला अशा दगडांचं गारगोटी नावाचं संग्रहालय आहे आणि लोक तिकीट काढून ते बघतात. हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी दोन-तीन जण गाळाच्या ढिगावर दिसतील. तुमच्या प्रगतीचं हे पहिलं चिन्ह.

धड्याचा शेवट लोणारनं करावा. मंठ्याच्या पुढे बुलढाणा जिल्ह्यात ते आहे, बहुतेकांनी पाहिलेलं. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर आकाशातून आलेल्या दगडाच्या धडकेनं झालं, आणि तेही आपल्याच काळ्या दगडात. चंद्रावर असाच दगड आणि असेच खड्डे आहेत, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात. जून २०२० मध्ये तिथलं पाणी एकदम गुलाबी झालं. कुणी कोप म्हटलं, कुणी आणखी काही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग आणल्याचं निघालं. पाणी आटून क्षार वाढले आणि त्यांचं फावलं.

धडा चौथा : एकादशीचं ताट

हा धडा एकादशीलाच शिकवावा. खिचडीची प्लेट समोर असताना.

एकेक पदार्थ हातात घेऊन विचारायचं, हा कुठला? साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे त्याचे कारखाने मुख्यतः तमिळनाडूत सेलमकडे. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची मेक्सिकोची. राजगिरा, रताळं, पपई तिकडचीच. हे सगळं पोर्तुगीज आणि इतर युरोपी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून गेल्या पाचशे वर्षांत आलं. म्हणजे पांडुरंगाचा उपास आपण अमेरिकेच्या जेवणावर करतो, आणि ज्या तुरीच्या वरणाला त्या दिवशी हात लावत नाही, ती तूर मात्र अस्सल इथली. तूप आणि भगर तेवढी घरची.

इथं शांतता पसरेल. तेवढ्यात दुसरं वाक्य टाका : ज्ञानेश्वर महाराजांनी मिरची कधी चाखली नाही. त्यांची समाधी १२९६ सालची, मिरची आली पोर्तुगिजांनंतर. तोवर तिखट म्हणजे मिरे. मराठवाड्याचा ठेचा, ज्याच्या जिवावर आपण पुणेकरांना हिणवतो, त्यातली मिरची आणि शेंगदाणे दोन्ही पाहुणे आहेत. सीताफळ नावानं सीतेचं, मूळ अमेरिकेचं. ज्वारी आफ्रिकेतून आली, पण तिला येऊन काही हजार वर्षं झाली, तिला आता रहिवासी दाखला द्यायला हरकत नाही.

विरोधक "मंग आपलं काय?" विचारील. त्याला जालन्याची मोसंबी द्या. फळाचं मूळ बाहेरचं असलं तरी जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. शिवाय बियाण्याची गोष्ट आहेच. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, ती भेंडीच्या बियाण्याच्या कामातून. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भेंडीला नाक मुरडणाऱ्या पोरांना हे सांगायला हरकत नाही, पण खातील याची हमी नाही.

धडा पाचवा : झाड दाखवून बोला

एखाद्याचं बऱ्याच दिवसांनी दर्शन झालं की आपण म्हणतो, उंबराचं फूल झालास. तेव्हा उंबराचं फळ उचला, नखानं फोडा आणि म्हणा, "हे घे फूल. एक नाही, शेकडो." उंबराची फुलं फळाच्या आत असतात, नुसत्या डोळ्यांना बारीक दाण्यांसारखी दिसतात. आतले किडे म्हणजे घाण नव्हे, ते त्या झाडाचे भटजी. अगदी बारीक गांधीलमाशीची मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या भोकातून आत शिरते, फुलांवर पराग पोहोचवते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या नर पिल्लांना पंखच फुटत नाहीत, त्यांचा जन्म, लग्न आणि मरण बहुधा त्याच उंबरात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. दोघांपैकी एक जरी नाहीसा झाला तरी दुसऱ्याचा वंश खुंटेल. ही माहिती जावयाच्या पंगतीत सांगू नये, उंबर खाताना तर मुळीच नाही.

पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात. ती नर विणतो. अर्धं घरटं झालं की थांबतो आणि पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती येते, टोचून, हलवून बघते. पसंत पडलं तर नर उरलेलं पुरं करतो. नाही पडलं तर ते तसंच अर्धवट लोंबत राहतं. पूर्ण झाल्यावर नर शेजारी दुसरं घरटं सुरू करून दुसरीला बोलावतो. बाभळीवरची अर्धी घरटी मोजायला सांगा. नकार किती मिळाले याचा हिशेब तिथं टांगलेला असतो.

वसंतात "कुहू" करणारी कोकिळा नसून कोकीळ असतो, काळा आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपकेदार आणि तिचा आवाज "किक किक" असा कर्कश. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि पिल्लांचं बालपण कावळ्याच्या खर्चानं होतं. हुशार पक्षी म्हणून कावळ्याचं कौतुक करणाऱ्यांना हे आवडत नाही.

जनावरं राखणाऱ्यासाठी एक वेगळी ठेवा. कोवळी ज्वारी जनावराला विषारी, हे त्याला तुमच्याआधी माहीत आहे. का, ते त्याला सांगा. कोवळ्या ताटात असं एक द्रव्य असतं की चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. ताट मोठं होत जातं तसा धोका कमी होतो. म्हणून तीच ज्वारी कोवळेपणी बैलाचा जीव घेते आणि कडबा झाल्यावर त्याचं पोट भरते.

धडा सहावा : मोठी लढाई लहान करून सांगणे

लढाईत नवशिका सैन्याच्या आकड्यांत बुडतो. आकडे टाळा, एकच हुशारी सांगा.

२३ सप्टेंबर १८०३. आपल्याच जिल्ह्यातलं असई गाव. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं सैन्य, कवायती फौज, भरपूर तोफा. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. मधे केळणा नदी. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. त्यानं ताडलं की माणसं इतक्या जवळ राहतात तर एकमेकांकडे जायला उतार असणारच. माणूस पाठवून बघितलं, उतार निघाला. शिंद्यांच्या तोफांनी त्याची फौज भाजून काढली, दीड हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली, पण लढाई त्यानं जिंकली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी कुणी विचारलं, लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर तो वॉटर्लू म्हणाला नाही. असई म्हणाला.

इथं थांबा. पुढचं वाक्य आबांना बोलू द्या. ते म्हणतील, "नदीपल्याड सोयरीक असल्यावर उतार आसनारच की, त्याला दुर्बीन कशाला?" पारावर टाळ्या याच वाक्याला मिळतात. त्यांना मिळू द्या.

लढाया नको असतील तर समर्थ रामदास सांगा. सज्जनगडामुळे त्यांना सगळे साताऱ्याकडचे समजतात. जन्म १६०८ चा, आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा.

धडा सातवा : खोटी माहिती हुंगून ओळखणे

सर्वज्ञाचा मान बरोबर माहितीनं हळूहळू वाढतो आणि एका खोट्या माहितीनं एका दुपारी जातो. म्हणून खालील लक्षणं दिसली की तोंड मिटा.

"नासानं सांगितलं" अशी सुरुवात. दिवाळीच्या रात्रीचा झगमगता भारत म्हणून दरवर्षी जे रंगीत चित्र फिरतं, ते दिवाळीचं नाही. वेगवेगळ्या वर्षांतले रात्रीचे दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवून तयार केलेलं ते चित्र आहे.

"युनेस्कोनं जाहीर केलं" अशी सुरुवात. आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम असं युनेस्कोनं कधी जाहीर केलेलं नाही. आपल्याला ते आवडायला युनेस्कोची परवानगी लागत नाही.

"विज्ञानानं सिद्ध केलं की आपले पूर्वज..." अशी सुरुवात. पिंपळ रात्री प्राणवायू सोडतो, हे यातलंच. झाडाला प्राणवायू बाहेर सोडायला उजेड लागतो, पिंपळही त्याला अपवाद नाही. पिंपळाखाली बसायचं ते सावलीसाठी आणि गप्पांसाठी. तेवढं पुरेसं आहे.

सापाची कुठलीही गोष्ट. साप दूध पीत नाही, तो उंदीर-बेडूक खाणारा प्राणी आहे. नागपंचमीला दुधाला तोंड लावणारा साप बहुधा तहानेनं व्याकूळ केलेला असतो. तो पुंगीच्या सुरावर डोलत नाही, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवतो. डूखही धरत नाही. खोटं काढून घेतल्यावर खरं द्यायला विसरू नका : सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातून तयार होतं. घोड्याला विषाचे बारीक डोस देत गेलं की त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्यं तयार होतात, तीच आपल्याला टोचतात. म्हणून साप चावल्यावर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात.

नेहमीच्या अडचणी व उपाय

*कुणीतरी विचारतो, "तुला कुनी सांगितलं रं?"*
"वाचलं" म्हणू नका, भांडण लागतं. "चला, बघून येऊ" म्हणा. उंबर, विहीर, बाभळ, जुना कागद, यातलं काही ना काही जवळच असतं. दहांपैकी आठ जण उठत नाहीत आणि मान्य करतात. उरलेले दोघं तुमचे खरे शिष्य.

*उत्तर येत नाही.*
"बघून सांगतो." हे दोन शब्द उच्चारायला सर्वांत अवघड आणि सर्वांत स्वस्त. मात्र नंतर खरंच सांगायचं. पंचायतीत विचारलेला प्रश्न वर्षभर पडून राहतो, पारावरचा राहत नाही.

*दुसरा सर्वज्ञ येऊन बसतो.*
त्याला ऑक्टोपसवर बोलू द्या.

*वेळ चुकते.*
पेरणीच्या आठवड्यात, मयताच्या घरी, बाजारभाव पडलेल्या दिवशी आणि निकाल लागायच्या सकाळी कुठलीही माहिती सांगू नये. सोयाबीन चीनमधून आलं हे खरं असलं, तरी भाव कोसळलेला असताना ते ऐकायला कुणी बसलेलं नसतं.

शेवटचा नियम : चहाचे पैसे

जो माहिती सांगतो त्यानंच चहाचे पैसे द्यायचे. हा नियम मोडणारे पुष्कळ बघाल, त्यांच्याभोवतीची माणसंही कमी होत गेलेली बघाल. पाच जण आपलं काम टाकून तुमचं ऐकतात, त्याची ही किंमत. एक दिवस असा येतो की समोरचा न मागता तुमचा चहा सांगतो आणि म्हणतो, "बस, तुला एक सांगतो." त्या दिवशी तुमची नेमणूक पक्की झाली. पण त्या दिवशी बोलायचं नाही. ज्यानं चाळीस वर्षं विहिरी खोदल्या त्याला दगड तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, जिनं जन्मभर शेळ्या राखल्या तिला कोणत्या बाभळीवर कोणत्या पावसानंतर घरटी लागतात ते पाठ आहे. त्यांना फक्त "तुम्हाला माहितंय का" असं म्हणायची सवय नाही. ती त्यांना लावा, दोन चहा सांगा आणि बाकावर कडेला सरकून त्यांना जागा करून द्या.